मुख्याध्यापकहो, या हिवाळ्यात सहल धरणावर न्या

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील शाळांचे मुख्याध्यापक आणि सहलीचे काम पाहणारे शिक्षक,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की तुमच्या कार्यालयात सहलीचं बोलणं निघतं. गाडी कोणती, मुक्काम कुठे, वर्गणी किती. ठिकाणं बहुतेक ठरलेली असतात. वेरूळ-दौलताबाद, शेगाव, वर्गणी जास्त असेल तर महाबळेश्वर-प्रतापगड, आणि अलीकडे एखादं वॉटर पार्क. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. या पत्रातून तुमच्याकडे एकच मागतो. यंदा एक पूर्ण दिवस तुमच्या पोरांना त्या धरणावर आणा, ज्याचं पाणी ती रोज पितात.

पूर्ण दिवस म्हणतो, कारण शाळांच्या गाड्या धरणावर येत नाहीत असं नाही. येतात. एका शाळेची गाडी भराव रस्त्याला थांबली, पोरं उतरली, फोटो झाले, वेफर्सची पाकिटं फुटली, आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना परत चढवलं. पुढचं ठिकाण गाठायचं होतं. एक मुलगा जाता जाता मला विचारत होता, "काका, हे पाणी जातं कुठं?" त्याला उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला असता. गाडी त्याआधीच सुटली.

त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर मी आता तुम्हाला देतो, म्हणजे तुम्ही ते तुमच्या पोरांना देऊ शकाल.

हतनूर धरण घ्या. भुसावळ तालुक्यात, तापीवर. मूळ साठवण क्षमता 388 दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. वक्राकार दरवाजे 41. भिंतीच्या वरच्या अंगाला चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते, म्हणून हतनूरला दोन नद्यांचं पाणी येतं. तापी मध्य प्रदेशात मुलताईहून निघते, बुऱ्हाणपूरवरून आपल्याकडे येते. पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाण्याचं पाणी घेऊन येते. म्हणून पावसाळ्यात भुसावळला कडक ऊन पडलेलं असतं आणि हतनूरचे दरवाजे उघडे असतात. लोक विचारतात, पाऊस नाही तर पूर कसा? पाऊस तिकडे पडलेला असतो. भूगोलात 'पाणलोट क्षेत्र' हा शब्द येतो. भिंतीजवळ उभं राहून दोन्ही नद्यांची दिशा हाताने दाखवली की पोरांना तो शब्द जन्मभर पुरतो.

इथून पाणी कुठे जातं? उजव्या कालव्याने रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांच्या शेतांत. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राला. वरणगावच्या आयुध निर्माणीला. भुसावळ शहराला आणि तिथल्या रेल्वेला. तुमच्या वर्गातल्या कितीतरी पोरांचे आईवडील या यादीतल्या कुठल्या ना कुठल्या ठिकाणी कामाला असतील. ज्याच्या बापाची केळीची बाग कालव्यावर आहे आणि ज्याचा बाप दीपनगरला ड्युटीवर आहे, ते दोघे एकाच पाण्यावर जगतात. हे त्यांना वर्गात सांगून पटणार नाही. दरवाजे आणि कालव्याचं तोंड एकाच ठिकाणी उभं राहून पाहिलं की पटेल.

दरवाज्यांचं काम मला विशेष सांगायचं आहे. हतनूर पावसाळ्यात भरून ठेवत नाहीत. जून-जुलैत पाणी येतं ते लालसर, गाळाचं. दरवाजे मिटून ते अडवलं तर गाळ तळाला बसतो, आणि हतनूरमध्ये तो आधीच फार बसला आहे. शिवाय वर काठावर गावं आहेत. पाणी फुगलं तर त्यांच्या शिवारात जातं. म्हणून पुराचं पाणी सोडून द्यायचं आणि पावसाळा सरता सरता दरवाजे मिटून धरण भरून घ्यायचं. लवकर मिटले तर गाळ आणि फुगवटा, उशिरा मिटले तर परतीचा पाऊस दगा देतो आणि रब्बीच्या आवर्तनाला, म्हणजे कालव्याने पाणी सोडायच्या पाळीला, पाणी कमी पडतं. हा निर्णय दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. पूर्ण जलसंचय पातळी 214 मीटर. ऑक्टोबरमध्ये ती गाठेपर्यंत आमच्यापैकी कोणाला नीट झोप लागत नसे. इंजिनिअर व्हायचं म्हणणारी पोरं तुमच्या शाळेत असतात ना? त्यांना हे दाखवा.

गणिताच्या सरांनाही सोबत आणा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे 28.3 लिटर. एक क्युसेक चोवीस तास वाहिलं तर साधारण साडेचोवीस लाख लिटर होतात. जलजीवन मिशनने गावात माणशी दिवसाला 55 लिटर धरले आहेत. त्या हिशेबाने एका क्युसेकवर 44 हजार माणसांची दिवसाची गरज भागते. मग वर्तमानपत्रात 'हतनूरमधून एक लाख क्युसेक विसर्ग' अशी बातमी आली की ते किती पाणी असतं, हे पोरांना स्वतः काढू द्या. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, एक टीएमसी म्हणजे 28.3 दलघमी. हतनूरची मूळ क्षमता टीएमसीत किती भरते तेही काढू द्या. पावणेचौदाच्या आसपास येईल.

आता सकाळचं सांगतो, कारण धरणावरची सगळ्यात सुंदर वेळ तीच, आणि सहलीच्या गाड्या नेमक्या ती चुकवतात. अकरा वाजता पोचू नका. डिसेंबरात, उजाडल्यानंतर तासाभराच्या आत फुगवट्याच्या उथळ काठावर असा. धुकं असतं, थंडी असते, पोरांना स्वेटर घालून आणा. हतनूरचा जलाशय देशातल्या महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत आहे, ही गोष्ट भुसावळातल्या किती शाळांना ठाऊक आहे? हिवाळ्यात इथे चक्रवाक येतात, विटकरी-नारिंगी रंगाची बदकं, बहुतेक जोडीने. थापट्या येतो, त्याची चोच चमच्यासारखी पसरट असते. तलवार बदकं येतात. वारकरी तर काळ्या थव्यांनी तरंगत असतात, कपाळावर पांढरा टिळा. काठाच्या चिखलात शेकाट्या लांब गुलाबी पायांवर चालतो. पट्टकादंब हंस दिसला तर पोरांना थांबवून सांगा की हा पक्षी हिमालय ओलांडून इथे आला आहे.

दुर्बिणी नसतील तर आजूबाजूच्या गावांत पक्षीमित्र आहेत, त्यांना विचारा. वर्षानुवर्षं पदरमोड करून ते इथल्या पक्ष्यांची नोंद ठेवत आहेत आणि मुलांना दाखवायला त्यांना मनापासून आवडतं. वर्गातल्या साठ पोरांची पंधरा-पंधराची टोळी करा. एकदम साठ पोरं काठावर गेली तर एकही पक्षी थांबणार नाही. आणि कृपा करून स्पीकर आणू नका. सहलीच्या गाडीत गाणी हवीत हे मला कबूल आहे, ती गाडीत वाजू द्या.

मासेमारी करणारे भोई बांधव त्या वेळी जाळी काढून परतत असतात. त्यांच्याशी आदराने बोललं तर ते रोहू, कटला, मृगळ वेगळे करून दाखवतात, जाळ्याचं भोक केवढं का ठेवायचं ते सांगतात. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की उघड्या पडलेल्या गाळावर पीक घेतात, त्याला गाळपेरा म्हणतात. डिसेंबरात तो दिसणार नाही, पण ती जमीन कुठे असते ते काठावरून दाखवता येतं.

आणखी एक गोष्ट टाळू नका. या पाण्याखाली शेतं गेली, घरं गेली, काही गावं उठून नव्या जागी बसली. तुमच्या वर्गात त्या गावांतली पोरं असतील, त्यांनी घरी आजोबांकडून जुन्या गावाच्या खुणा ऐकल्या असतील. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सन्मानाने बोलवा, पारावर बसवा, त्यांना बोलू द्या. धरणाने आपल्याला काय दिलं हे सांगताना ते कोणाकडून घेतलं तेही पोरांनी ऐकावं, असं मला नोकरीत असतानाही वाटायचं. त्यांना घाई करू नका. हे बोलणं प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमासारखं होता कामा नये.

दुपारची भाकरी बरोबर आणा. हिवाळ्यात आपल्याकडे भरताची वांगी असतात, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, भरीत. डब्यात यापेक्षा चांगलं काय नेणार? हॉटेलचा खर्च नको, प्लास्टिकच्या प्लेटा नकोत. जेवण झाल्यावर कालव्यावर चला. मुख्य कालवा, त्याच्या वितरिका, त्यांच्या चाऱ्या, आणि चारीवरून शेतात. पाणीपाळी म्हणजे काय, पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज कसा भरतात, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी का पोचत नाही, हे सगळं चालत चालत समजतं. टेलच्या शेतकऱ्याला भेटा. त्याचं म्हणणं ऐकलं की मधल्या चोरीच्या पाण्याविषयी पोरांना वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

वेळ उरला तर चांगदेवला संगमावर थांबा. तिथलं जुनं दगडी मंदिर पुरातत्त्व खात्याने जपलं आहे. जवळच मुक्ताईचं मेहूण गाव आहे. महाशिवरात्रीची यात्रा इथली मोठी. पोरांच्या आया-आज्या ज्या वाटेने यात्रेला आल्या, तिथूनच दोन नद्यांची धार एक होताना दिसते.

हे हतनूरचं झालं, कारण ते मला घरच्यासारखं माहीत आहे. पण माझं मागणं भुसावळ-यावलपुरतं नाही. जळगावच्या शाळांनी वाघूर धरणावर जावं. तुम्ही पोरांना अजिंठ्याला नेता, लेण्यांच्या पायाशी जो ओढा वळसा घेतो ती वाघूरच. तीच पुढे धरणात अडते आणि जळगावच्या नळांना येते. लेणी आणि नळ एका दोरीत ओवणारी सहल दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला मिळणार? चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याच्या शाळांनी गिरणा धरण पाहावं. ते नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात आहे, पण पाण्याची वाट आपल्याकडे पाहतात. उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसी, आणि धरण भरलं की नाही यावर तीन-चार तालुक्यांच्या बाजारपेठांचा रंग ठरतो. रावेरच्या शाळांना पाल गावाकडे जाताना सुकी नदीवरचं गारबर्डी धरण आहे. शिरपूरला अनेर धरण आहे, त्याच्या भोवती अभयारण्य आहे. नंदुरबारच्या शाळांनी तोरणमाळला यशवंत तलावाकाठी दिवस काढावा. त्याच भागात, शहाद्याजवळ, 1997 साली रानपिंगळा हे छोटं घुबड पुन्हा सापडलं. शंभराहून अधिक वर्षं ते कोणाला नक्की दिसलं नव्हतं, जगाने ते संपलं असं धरलं होतं. नंदुरबारच्या पोरांना ही गोष्ट तोंडपाठ हवी.

धुळ्याच्या गुरुजींना मात्र मी जरा जास्त आग्रह करतो. तुमच्याकडे नकाणे आहे, डेडरगाव आहे, अक्कलपाडा आहे, पिंपळनेरजवळ लाटीपाडा आहे. आणि या सगळ्यांच्या आधीपासून पांझरेकाठी फड आहेत. नदीवर लहान बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि गावाची भिजणारी सगळी जमीन फडांत वाटलेली. एका फडात एका हंगामाला एकच पीक, म्हणजे सगळ्यांना पाणी एकाच वेळी, एकसारखं. पाटकरी पाणी देणार, जागल्या राखण करणार, तंटा झाला तर पंच बसणार. कागदावरचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी, तीनशे वर्षांहून जास्त काळ, आपल्या लोकांनी हे चालवलं. आमच्या खात्यात 'पाणीवापर संस्था' हा विषय आला तेव्हा साहेब लोक फाइली वाचून समजावत होते, आणि साक्रीकडचे पाटकरी मागे बसून मान हलवत होते. त्याच साक्री तालुक्यात दातर्तीला तरुण विश्वेश्वरय्यांनी बांधलेला पाण्याचा सायफन, म्हणजे बंद नळीतून पाणी पलीकडे नेणारं बांधकाम, आहे. 1884 साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि त्यांची सुरुवातीची कामं आपल्या खानदेशात झाली. 15 सप्टेंबरला अभियंता दिनाला तुम्ही त्यांच्या फोटोला हार घालता. पोरांना ते काम दाखवायला एका दिवसाची एसटी पुरते.

पैशाचं बोलायला हवं, कारण हे पत्र लिहिण्यामागचं खरं कारण तेच आहे. मुक्कामी सहलीची वर्गणी आता दोन-अडीच हजारांच्या पुढे जाते. वर्गात यादी फिरते, आणि काही पोरं 'आमच्या घरी लग्न आहे', 'मला गाडी लागते' असं सांगून नाव देत नाहीत. कापूस वेचणाऱ्या बाईचं पोर, केळीच्या वखारीवर हमाली करणाऱ्याची मुलगी. गुरुजी, ही पोरं खोटं का बोलतात ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. बाकीचा वर्ग सहलीला गेला की ती त्या दिवशी शाळेत येतात आणि रिकाम्या वर्गात बसतात. धरणाची सहल शे-दीडशे रुपयांत होते. एसटी शैक्षणिक सहलीला भाड्यात सवलत देते, डबा घरचा असतो. एकही पोर मागे राहायला नको. वर्षात दूरची सहल करायची तर जरूर करा, पण त्याआधी एक सहल अशी करा की जिच्यात वर्गाचा पट पूर्ण असेल.

सुरक्षेचं मात्र अगदी कडक पाळा. धरण म्हणजे पोहायची जागा नाही. वरून शांत दिसणारं पाणी काठापासून दोन पावलांवर एकदम खोल असू शकतं, आणि काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो पण पाय गुडघ्यापर्यंत रुततो. ओढून काढायला गेलेला दुसराही अडकतो. आमच्या भागात अशा दुर्घटना झाल्या आहेत, त्यात गेलेल्यांच्या घरांत मी जाऊन आलो आहे, म्हणून सांगतो. कोणालाही, कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी, पाण्यात उतरू देऊ नका. दरवाज्यांच्या खालच्या बाजूला नदीपात्रात पोरांना कधीही नेऊ नका. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो, तो ऐकून पळू असं म्हणणं धोक्याचं आहे. जून ते ऑक्टोबर सहल नकोच. भिंतीवर जायला पाटबंधारे खात्याच्या संबंधित उपविभागाची लेखी परवानगी लागते आणि भिंतीवर फोटो काढायला मनाई असते, ती पाळा. दहा पोरांमागे एक मोठं माणूस हवं.

आणि मुलींचा विचार आधी करा. बहुतेक धरणांवर शौचालयाची धड सोय नाही. मग मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, दुपारी डोकं धरून बसतात. धरणाजवळच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा असते. तिथल्या मुख्याध्यापकांना आठ दिवस आधी भेटा, शौचालयं उघडी ठेवायला सांगा, पाण्याची टाकी भरून घ्या. बदल्यात त्यांच्या पोरांनाही तुमच्या दिवसात सामील करून घ्या. धरणाच्या काठावर राहणाऱ्या पोरांना धरणाची माहिती देणारंही सहसा कोणी नसतं.

परवानगीचा अर्ज साध्या कागदावर शाळेच्या शिक्क्यानिशी करा. त्यात तारीख, वेळ, मुलांची संख्या, सोबतच्या शिक्षकांची नावं आणि पाण्यात उतरणार नाही अशी हमी लिहा. अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्या, कारण आवर्तन सुरू असलं की शाखेतली माणसं कालव्यावर असतात आणि कागद टेबलावर पडून राहतो. सोबत एक विनंती जोडा, की शाखा अभियंता किंवा कालव्यावरचा एखादा कर्मचारी तासभर मुलांशी बोलायला मिळावा. माझा अनुभव असा आहे की विचारलं तर बहुतेक जण आनंदाने येतात. त्यांच्या कामाविषयी त्यांना कोणी विचारतच नाही.

यावल, रावेर, भुसावळ या तीन तालुक्यांतल्या कोणत्याही शाळेने हतनूरची तारीख ठरवली तर मी स्वतः दिवसभर सोबत राहीन, मानधन नको. माझ्यासारखे निवृत्त कालवा निरीक्षक, पाटकरी, गेट चालवणारे ऑपरेटर प्रत्येक तालुक्यात आहेत. तुमच्या गावातल्या जुन्या माणसांना विचारलंत तर पत्ता लागेल. डिसेंबरचा दुसरा आणि तिसरा आठवडा पक्ष्यांसाठीही चांगला आणि रब्बीचं पाणी चालू असण्याची शक्यताही जास्त. म्हणजे अर्ज नोव्हेंबरच्या शेवटी गेला पाहिजे.

आपला,
एक निवृत्त कालवा निरीक्षक
तालुका यावल, जिल्हा जळगाव